आत्यांनी रांधलेली चिलापी

आमच्या घरात मासे शिजले ते माझ्यामुळं. त्याआधी इंदापूरकडच्या कळंबच्या या घरात अंडंसुद्धा आलं नव्हतं. माझ्या सासूबाईंना मी आमच्या भागातल्या रीतीनं आत्या म्हणते. त्या लहानपणापासून माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, एकादशीला उपास आणि देवळात भजनाला पहिला आवाज त्यांचा. माझं माहेर भिगवणजवळ, उजनीच्या पाण्याला लागून. तिथं सकाळी मासे दारात यायचे आणि आठवड्यातले निम्मे दिवस कालवण असायचं. लग्न ठरताना वडिलांनी एकदाच विचारलं होतं, "घर माळकरी हाय. निभंल का तुला?" मी हो म्हटलं आणि निभलंही. माहेरी गेले की मासे खायचे, परतले की विसरायचे. यात मला कधी काही जड गेलं नाही.

मी माध्यमिक शाळेत शास्त्र शिकवते. एका सकाळी फळ्यावर पानाच्या छेदाची आकृती काढत होते, तर निम्मी आकृती धुरकट दिसायला लागली. खडूची धूळ गेली असेल म्हणून डोळा चोळला, तर बुबूळ हलवताना आतून दुखलं. बारामतीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, डोळ्यात काही नाही, डोळ्यामागच्या नसेत आहे. तिथून पुण्याला, एमआरआय, पाठीच्या मणक्यातलं पाणी काढून तपासणी, आणि शेवटी ते नाव. मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराची राखण करणारी यंत्रणाच चुकून मेंदूतल्या आणि मणक्यातल्या नसांच्या आवरणावर उठते, असं डॉक्टरांनी समजावलं. आजार मधेच उसळतो, मग काही दिवसांनी ओसरतो, पुन्हा कधी उसळेल ते कुणी सांगू शकत नाही. बरा होत नाही, पण गोळ्यांनी त्याचा वेग धरून ठेवता येतो.

मी शास्त्राची शिक्षिका, पण विचारलं ते घरातल्या बाईसारखंच. "जेवणात काही बदल करायचा का?"

"करा," डॉक्टर म्हणाले. "साय, तूप, तळण, गोड कमी. भाज्या, फळं, कडधान्यं जास्त. वजन ताब्यात ठेवा. काही जणांना त्यानं थकवा कमी वाटतो, पोटही साफ राहतं. पण हे गोळ्यांच्या जोडीला, गोळ्यांऐवजी नाही. एवढं पक्कं लक्षात ठेवा."

ते मी लक्षात ठेवलं. घरानं मात्र फक्त जेवणाचं लक्षात ठेवलं. गोळ्या पुण्याच्या, आजार कुणी न ऐकलेला. त्या सगळ्यात जेवण तेवढं आमच्या हातातलं होतं.

ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मोबाईलवर व्हिडिओ बघायला सुरुवात केली. शेतातून आले की पाय धुऊन ओट्यावर बसायचे आणि एकेक पदार्थ बंद करत जायचे. एकानं सांगितलं, गहू बंद. दुसऱ्यानं सांगितलं, दूध विषासारखं. तिसरा म्हणाला, वांगी आणि टोमॅटो नसांना वाईट. महिन्याभरात माझ्या ताटात ज्वारीची भाकरी, उकडलेली भाजी आणि मूग एवढंच उरलं. मी वाळत चालले. शाळेत बाया म्हणायच्या, "मॅडम, किती बारीक झालात, काय करता?" मी हसून वेळ मारून न्यायचे.

बारामतीतल्या आहारतज्ज्ञ बाईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि ह्यांच्याकडं बघून म्हणाल्या, "इतकं सगळं बंद केलंत तर या खाणार काय? अशक्तपणानं पडतील." मग त्यांनी सावकाश सगळं पुन्हा सुरू करून दिलं. गहू चालेल, टोमॅटो चालेल, साय काढलेलं दूध, ताक चालेल. मग मला विचारलं, "मासे खाता का?"

"माहेरी," मी म्हणाले.

त्यांनी लिहिलं, मासे आठवड्यातून दोनदा, तळलेले नकोत. खाली जवस आणि अक्रोड. "मासे जमत नसतील तर हे घ्या," असंही म्हणाल्या.

घरी येऊन मी जवसाचंच सांगितलं. आमच्या घरात जवसाची चटणी पूर्वीपासून होते, त्यात काही अडचण नव्हती. पण जेवताना ह्यांनी कागद वाचला आणि माशापाशी थांबले. आत्या भाकरी थापत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत.

"आधी काय लिवलंय?" त्यांनी विचारलं.

"मासे," हे म्हणाले. "पण जवस चालतंय म्हणं."

"चालतंय ते निराळं. पयलं लिवलंय ते औषध."

"आत्या, खरंच गरज नाही," मी म्हणाले. "जवसात पण तोच गुण असतो."

"तोच असता तर बाईनं मासं कशाला लिवलं असतं? मागं गोठ्यापाशी चूल मांडा. भांडं निराळं ठेवा. माझं काय न्हाय."

मी आणखी एकदा नको म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले नाही. त्या तिसऱ्या वेळेचा विचार माझ्या मनात पुष्कळदा येतो. मला मासे आवडतात, हे त्या क्षणी माझ्या पोटाला आठवलं होतं.

हे भिगवणला मोटारसायकलवर जाऊन उजनीतले चिलापी मासे घेऊन आले. गोठ्यामागं जुन्या विटांची चूल झाली. एक ॲल्युमिनियमचं पातेलं, एक तवा, एक ताट, सगळं निराळं, पत्र्याच्या पेटीत. मी कालवण केलं, आईच्या पद्धतीनं, पण तेल अगदी नावाला. आत्या पुढच्या अंगणात पदर नाकाला लावून बसल्या होत्या. मी मागच्या अंगणात एकटी जेवले. तो पहिला घास तोंडात गेला आणि मला इतका आनंद झाला की मी लाजले. आजाराचं निमित्त काढून मी माझ्या आवडीचं खात होते, आणि पुढं एक म्हातारी नाक धरून बसली होती. मी हात दोनदा साबणानं धुतले, चूळ भरली, मगच पुढं आले.

"झालं का जेवान?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"लागलं का बरं?"

"ठीक होतं," मी म्हणाले. चांगलं झालं होतं असं सांगायला जीभ वळली नाही.

असे काही महिने गेले. माझी बोटं तोवर बधिर व्हायला लागली होती. खडू पकडलाय की नाही ते बघून ठरवावं लागायचं. एका रविवारी मी चुलीवरून पातेलं उतरवलं आणि खाली ठेवलं. फडकं हातात होतं असं मला वाटत होतं. ते शेजारी पडलेलं होतं. आत्या गोठ्यात म्हशीला पेंड घालत होत्या, त्यांना करपल्याचा वास आला. त्या आल्या, माझा हात उलटा करून बघितला. बोटांची कातडी पांढरी होऊन वर आली होती.

"दुखत न्हाय तुला?"

"नाही."

हे ऐकून त्या खाली बसल्या. मी आजारी पडल्यापासून त्यांना रडताना मी बघितलं नव्हतं, तेव्हाही त्या रडल्या नाहीत. माझा हात गार पाण्याच्या बादलीत बुडवला आणि किती तरी वेळ मनगट धरून ठेवलं. माझा हात पाण्यात आहे हे मला डोळ्यांनी दिसत होतं.

पुढच्या रविवारी मासे आले. मी उठायच्या आत आत्या न्हाणीतून आल्या. त्यांनी गळ्यातली माळ काढली, कपाळाला लावली आणि देवघरात देवापुढं ठेवली. मी त्यांना माळेशिवाय कधी बघितलं नव्हतं. गळ्याभोवतीची कातडी तेवढी उजळ होती.

"आत्या, हे काय?"

"माळ घालून कसं करायचं? माळ काढून करते. आंघुळ करून परत घालते. देवाला सांगितलंय मी."

"मी नाही खाणार."

"तू खाणार. मला फकस्त सांग, आधी काय करायचं."

ह्यांनी मधे पडून काही बोलावं म्हणून मी त्यांच्याकडं बघितलं. ते मान खाली घालून मासे साफ करत होते. मग मी बाजेवर बसले आणि सांगत गेले. आधी मीठ-हळद लावून ठेवा. खवले राहिलेत का बघा, उलटा हात फिरवा. आत्यांनी तोंड बाजूला वळवून हात फिरवला. त्यांचा चेहरा आक्रसला होता, पण हात नीट चालत होता. लग्न होऊन आल्यापासून या घरचं रांधणं त्यांनीच मला शिकवलं होतं. पुरणाची कणीक कशी तिंबायची, आमटीला फोडणी कधी द्यायची. त्यांना मी शिकवलेला हा एकच पदार्थ.

"चिंच कवा घालू?"

"उकळी आल्यावर. आणि मासे टाकल्यावर पळी फिरवू नका, मोडतात."

"म्हंजी लई नाजूक हायती," त्या म्हणाल्या.

कालवण आईच्या हातासारखं झालं नाही. मीठ कमी होतं, कारण त्यांनी चाखून बघितलं नव्हतं. मी सगळं संपवलं. त्या समोर उभ्या राहून बघत होत्या. मग न्हाणीत गेल्या, डोक्यावरून आंघोळ केली, माळ घातली आणि जेवायला बसल्या. पुढं दर वेळी असंच. ऐन थंडीतही मासे झाले की त्या दुसऱ्यांदा न्हायच्या. ओल्या केसांनी त्या उन्हाला बसलेल्या दिसल्या की मला ताटातलं गिळवेना. तरी मी गिळायचे, कारण टाकलं असतं तर त्यांचं सगळंच वाया गेलं असतं.

गावात कळायला वेळ लागला नाही. भजनाला येणाऱ्या बायकांपैकी एक जण आमच्या ओट्यावर चहा पीत म्हणाली, "माळ काढायची, परत घालायची, ती काय बांगडी हाय का?" आत्यांनी तिच्या कपात आणखी चहा ओतला. त्यानंतरच्या एकादशीला त्या देवळात गेल्या तर मागं बसल्या, असं मला मुलीनं सांगितलं. मुलगी बारामतीला कॉलेजात होती, सुट्टीत घरी यायची.

तिचंही मला अपराधी वाटायचं. साखरेच्या मुलखातलं घर आमचं. दिवाळीला कारखान्याची सभासदांची साखर यायची आणि पूर्वी ती लाडू-करंज्यांत जायची. त्या वर्षी साखर तशीच पोत्यात राहिली. माझ्यासमोर कुणी गोड खायचं नाही असं सगळ्यांनी न बोलता ठरवलं होतं. मुलगी शेजारच्या घरी जाऊन करंजी खाऊन आली आणि ओठाला लागलेलं सारण पुसायला विसरली. मी दाखवलं तर दचकली, जणू चोरी पकडली. मी तिला म्हणाले, "अगं, तू खा की घरात. मला काही होत नाही." ती म्हणाली, "मला होतं, आई." ह्यांनी उसाच्या कडेचा एक पट्टा मोडून मेथी, शेपू, चाकवत, तांदुळजा लावला होता. उसाची सवय झालेला माणूस रोज उकिडवा बसून पालेभाजी खुडायचा. त्यांच्या गुडघ्यांना ते झेपत नव्हतं. मला थकवा खरंच कमी वाटायचा त्या दिवसांत, पोटाची तक्रार गेली होती. मी शाळेत दुपारपर्यंत उभी राहू शकत होते. ते बघून सगळे खूश व्हायचे. म्हणजे आपलं चाललंय ते बरोबर चाललंय, असं घर धरून चाललं होतं. मीही.

मे महिन्यात उन्हानं कहर केला. ह्यांच्या मित्राच्या मुलीचं लग्न इंदापूरला होतं, मंडप पत्र्याचा. मला जायचं नव्हतं, पण माणूस जवळचं, म्हणून हे म्हणाले तासभर बसून येऊ. परतल्यावर पाय जड वाटले. उन्हात माझं असं व्हायचं, सावलीत बसलं की उतरायचं. या वेळी उतरलं नाही. दुसऱ्या दिवशी उजवा पाय ओढत होता, तिसऱ्या दिवशी तो माझा राहिलाच नव्हता. पोटाभोवती कुणी दोर आवळल्यासारखं वाटत होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, या आजाराचाच अटॅक दिसतोय, बारामतीतच ॲडमिट करा, सलाईनमधून स्टेरॉईड सुरू करू.

दवाखान्यात हे माझ्या पायथ्याशी उभे होते. "मी नेलं तुला लग्नाला," एवढंच म्हणाले आणि बाहेर निघून गेले.

आत्या स्टुलावर बसल्या होत्या, मांडीवर पिशवी घेऊन. दुपारची वेळ होती, शेजारच्या खाटेवरची बाई झोपली होती. आत्यांनी स्टूल खाटेजवळ ओढलं. मग म्हणाल्या, "तुला एक सांगायचंय. रागवू नगं."

"सांगा."

"मी तुझ्या भाकरीत तूप घालत हुते. पापुद्र्याच्या आत. वरनात बी. रोज न्हाय. तू वाळून चालली हुतीस, ब्लाउज खांद्यावरनं घसरत हुता तुझा. मला बघवंना. म्हनलं, चमचाभरानं काय हुतंय." त्यांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. "त्यानंच झालं हे."

मला रडू यायला हवं होतं. पण मला आधी हसू आलं, आणि मग ज्याचं हसू आलं त्याचीच लाज वाटली. कारण मला ते माहीत होतं. पापुद्रा उचलला की आमच्या म्हशीच्या तुपाचा वास यायचाच, तो कसा लपणार? पहिल्यांदा वास आला तेव्हाच बोलायला हवं होतं. पण ती भाकरी इतकी गोड लागली की मी गप्प बसले. आणि त्यांना बोलले तर त्या हात आखडतील, वाईट वाटून घेतील, असंही मनाला सांगितलं.

"आत्या, मला कळत होतं," मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली. "मंग बोलली का न्हाईस?"

"चांगलं लागत होतं."

मला वाटलं त्यांचं ओझं हलकं होईल. त्या म्हणाल्या, "म्हंजी आपण दोघींनी मिळून केलं."

मी समजावत राहिले. चमचाभर तुपानं असं होत नाही, हा आजार असाच आहे, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. त्या हो हो म्हणत राहिल्या. पण त्यांना पटत नव्हतं आणि ते माझ्यामुळंच पटत नव्हतं. इतके महिने बरं वाटलं की आम्ही सगळ्यांनी जेवणाला श्रेय दिलं होतं. ताट चांगलं म्हणून तब्येत चांगली. मग तब्येत बिघडली तर ताटातच कुणीतरी काहीतरी केलं असणार, हे त्या म्हातारीनं सरळ हिशोबानं काढलं होतं. हे मी वर्गात मुलांना शिकवते तसं घरात कधी शिकवलं नव्हतं. जेवणानं मदत होते आणि जेवणानं आजार येत-जात नाही, ही दोन वाक्यं एकाच दिवशी खरी असू शकतात, हे मी आधीच सगळ्यांना बसवून सांगायला हवं होतं. मला सांगावंसं वाटलं नाही, कारण मलाही आत कुठंतरी मासे आणि मेथीच मला उभं ठेवतायत असं मानायचं होतं.

पाय हळूहळू परत आला. पूर्ण नाही. काठी लागली ती लागलीच. पुण्याला दाखवायला जायचं ठरलं तेव्हा आत्या साडी बदलून गाडीत येऊन बसल्या. "मला डॉक्टरला इचारायचंय," म्हणाल्या.

डॉक्टरांचं मला तपासून झालं आणि आत्या खुर्चीवरून उठून टेबलापाशी गेल्या. "तुपानं झालं का?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांना कळेना. मी सांगितलं. ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. म्हणाले, "आजी, बसा आधी. तुपानं झालं नाही. तुम्ही घातलेल्या तुपानं नाही, लग्नाला गेल्यानंही नाही. उन्हानं त्रास वाढतो, पण अटॅक येतो तो येतो."

"मंग कशानं येतो?"

"नेमकं आम्हालाही माहीत नाही."

"तुमाला बी?"

"आम्हालाही. म्हणून तर गोळ्या बदलतोय, जास्त जोराच्या देतोय."

"आणि मासं? ते द्यायचं का न्हाय?"

"आवडत असतील तर खाऊ दे. नसतील तर नको. जेवण चांगलं ठेवा, पण त्याची भीती नको घरात."

परतताना आत्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. मला वाटलं होतं त्यांना सुटल्यासारखं होईल. पण यवतच्या पुढं कधीतरी त्या म्हणाल्या, "तूप असतं तर बंद केलं असतं." मला तेव्हा कळलं की त्यांच्यावरचा दोष काढून घेताना डॉक्टरांनी आणि मी त्यांच्या हातातला उपायही काढून घेतला होता. मी त्यांचा हात धरला. माझ्या बोटांना त्यांच्या हाताचा खरखरीतपणा थोडासा लागत होता.

त्यानंतर घरातलं जेवण सैल झालं. भाजी आहे, डाळी आहेत, साय आम्ही काढूनच टाकतो, पण सणाला पुरणाची पोळी होते आणि मी अर्धी खाते, तुपासकट. हे व्हिडिओ बघत नाहीत. नव्या गोळ्यांसाठी दर काही महिन्यांनी रक्त तपासायला बारामतीला जावं लागतं, तो आमचा मोठा कार्यक्रम. मासे आता मुलगी करते, सुट्टीला आली की. मी आत्यांना स्पष्ट सांगितलं की तुम्ही केलेत तर मी खाणार नाही. त्या वेळी मी तिसऱ्यांदाही सांगितलं आणि चौथ्यांदाही. त्यांनी शेवटी मान्य केलं. माळ आता गळ्यातून निघत नाही.

पण भजनात त्या पुढं बसत नाहीत. पूर्वी अभंग त्या उचलायच्या आणि बाकीच्या बायका मागून म्हणायच्या. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "आवाज लागत न्हाय आता. वय झालं." झालंही असेल. घरात भाकऱ्या थापताना मात्र मी त्यांचं गुणगुणणं ऐकते आणि तो आवाज मला नीट लागलेला वाटतो. ज्या बाईनं ओट्यावर बसून बोल लावला होता ती अजून चहाला येते. आत्या तिला चहा देतात. मी एकदा त्या बाईशी बोलायला गेले, की ते सगळं माझ्यासाठी होतं, डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. ती म्हणाली, "आमी कुठं काय म्हनलं?" आणि तिथं संपलं. माझी तब्येत सावरेल तेवढी सावरली. त्यांची जागा मी त्यांना परत मिळवून देऊ शकले नाही.

या जानेवारीत आत्यांच्या माहेरी, लोणी भापकरला, हुरड्याला गेलो. त्यांच्या भावाची तिकडं जिरायत ज्वारी आहे. शेतात कणसं भाजायला आगटी पेटवली होती, सगळे गोल बसले होते. मला खुर्ची दिली, कारण खाली बसले तर उठता येत नाही. खुर्चीत एकटी उंच बसलेली मी, मला नेहमीसारखं ओशाळं वाटत होतं. दोनच दिवस आधी स्कॅन झाला होता आणि मेंदूत नवीन डाग नाहीत असं कळलं होतं. आत्यांनी भावाला ते सांगितलं. भाऊ म्हणाला, "म्हंजी बरी झाली की."

"बरी न्हाय," आत्या म्हणाल्या. "हाय तिथं हाय. लई हाय तेवढं."

मग त्यांनी गरम कणसं गोणपाटावर घेऊन तळहातानं चोळली, फुंकर मारून भुसकट उडवलं आणि मूठभर हिरवे दाणे घेऊन उठल्या. दुसरा हात गुडघ्यावर टेकत माझ्या खुर्चीपाशी आल्या. दाणे माझ्या हातावर ओतायच्या आधी त्यांनी एक दाणा स्वतःच्या गालाला लावून बघितला, मला चटका बसेल का म्हणून.

"निवलंय," त्या म्हणाल्या. "घे."

मी ओंजळ पुढं केली.